हातघाई

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. बोलले की घरात भांडण होतं आणि नाही बोलले तर माझं डोकं फुटेल.

झालं ते असं. वन्संच्या फुलांच्या दुकानात मी लग्न झाल्यापासून गुच्छ बांधते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दुकान त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं, बोलणं त्यांचं आणि हात माझे. आज एक नवरी आईला घेऊन नमुन्याचा गुच्छ बघायला आली होती. पांढरे गुलाब, भोवती बारीक शेवंती, देठांना साटिनची फीत. मी तो पुढे केला आणि आईची नजर फुलांवरून घसरून माझ्या बोटांवर आली. बोटांना भेगा, पेरांवर लाल चट्टे, एकदोन ठिकाणी पाणी सुटलेलं. तिने लेकीचा हात असा मागे ओढला, जणू मी विंचू देत होते.

"यांच्या हाताला काय झालंय?"

मला वाटलं, वन्सं सांभाळून घेतील. घेतलंच. गुच्छ माझ्या हातून काढून घेतला, त्याचे देठ फडक्याने पुसले (पुसले!) आणि म्हणाल्या, "मी दुसरा बांधून देते. तू मागे जा गं. आणि आता फुलांना हात लावू नकोस."

दुकानात माणसं होती. सगळी एकदम स्वतःच्या पायांकडे बघायला लागली.

याचा सूड मी घेणार. कसा, ते ठाऊक नाही. एवढी चिडले आहे तरी लिहिताना 'वन्सं म्हणाल्या' असंच उतरतंय. रागातसुद्धा आदरार्थी बहुवचन सुटत नाही, काय करणार.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

काल दिवसभर मागच्या खोलीत बादल्या बघत बसले. आज टेम्पोवाला फुलं उतरवताना हळूच म्हणाला, "वहिनी, एक सांगू? रागावू नका. त्या मोठ्या हॉटेलात तुमच्याबद्दल बोलणं झालं."

हॉटेलच्या लॉबीत दर आठवड्याला दुकानाची मोठी फुलरचना जाते. ती मी करते. गेल्या खेपेला तिथल्या मॅनेजरने माझे हात बघितले असावेत. त्याने वन्संना विचारलं. वन्सं म्हणाल्या, "हो, तिला काहीतरी लागणीचं झालंय. मी तिला काढून टाकलं."

मी एप्रन काढला, खिळ्याला लावला, समोरच्या दाराने बाहेर पडले. वन्सं गिऱ्हाईकाशी बोलत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, "ताईचा स्वभाव तुला माहीत आहे. बोलते एक, मनात एक असतं."

"मग मनात ठेवायचं आणि तोंड शिवून घ्यायचं."

यावर त्याने वर्तमानपत्र उघडलं. कालचं होतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हाताला काही झालं की गावातलं प्रत्येक माणूस वैद्य होतो. शेजारीण म्हणाली, रक्त तापलंय. तिची जाऊ म्हणाली, वांगी सोड. रिक्षावाल्याने आरशातून बघून सांगितलं, बाजारात एक जण काळं मलम विकतो, नुसत्या जडीबुटीचं, त्याच्या मेव्हण्याचा पाय बरा झाला.

आणलं. डबीवर ना नाव ना गाव. डांबरासारखा वास. पण लावलं आणि खाज थांबली! दोन-तीन दिवसांत चट्टे मावळले. आरशासमोर हात धरून बघत राहिले, नव्या नवरीसारखी. आता याच हातांनी वन्संचं दुकान बसवते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

कौतुक चार दिवसही टिकलं नाही. डबी संपली, आणि जे गेलं होतं ते भावंडं घेऊन परत आलं. चट्टे मनगटाच्या वर चढले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली आहे. भांड्याची कड लागली तरी रक्त येतं.

शेवटी नवऱ्याने त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई आहेत, हसत नाहीत. मी सवयीने हात मांडीखाली घेतले होते. त्या म्हणाल्या, "द्या इकडे." आणि हातमोजे न घालता माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उलटेपालटे केले, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, नखं बघितली. इतक्या दिवसांत कोणी माझा हात धरलाच नव्हता हे मला तेव्हा कळलं. पण ते जाऊ दे.

"इसब. एक्झिमा म्हणतात तो. काम काय करता?"

सांगितलं. काळ्या मलमाचंही सांगितलं. त्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी पडली. म्हणाल्या, असल्या डब्यांत बहुतेक वेळा जोरदार स्टिरॉइड मिसळलेलं असतं. किती, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणून जादू होते, आणि म्हणून जादू उलटते.

"मग तुम्ही काय देणार?"

"मीही स्टिरॉइडच देणार. पण कुठलं, किती, कुठे आणि कधीपर्यंत हे सांगून. आणि कमी करत करत थांबवायचं. एकदम नाही."

शिवाय एक साधं, बिनवासाचं, तुपकट मलम. ते दिवसभर, हात ओले झाले की लगेच, टिपून झाल्यावर. कातडी म्हणजे विटांची भिंत धरा, म्हणाल्या, तुमच्या भिंतीतला चुना गेलाय, तो रोज भरायचा. साबण बंद. कढत पाणी बंद. नखं बारीक. आणि खाजवायचं नाही. सांगायला काय जातं!

उठताना विचारलं, "हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही."

"हात धरला तर?"

"नाही म्हटलं ना. आत्ता मी धरला नव्हता का?"

"मग तसं लिहून द्या."

"कशाला?"

"एकीच्या तोंडावर मारायला."

त्यांनी लिहून दिलं. पण खाली औषधांच्या वेळाही लिहिल्या. म्हणाल्या, आधी या पाळा, मग मारामारी करा.

सोमवार, १० मार्च

हात पुष्कळ बरे. मध्ये शेजारणीने "स्टिरॉइड म्हणजे विषच" म्हणून घाबरवलं, म्हणून मनानेच बंद केलं होतं. भोगलं. पुन्हा सुरू केलं. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्या ओरडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि सूड सापडला. हॉटेल! वन्संच्या दुकानाची शान ते हॉटेल आहे. तेच काढून घ्यायचं.

आज नीट कपडे करून मॅनेजरसमोर जाऊन बसले. डॉक्टरांचा कागद ठेवला आणि त्यावर माझे दोन्ही हात ठेवले, बाजारात भाजी मांडतात तसे. म्हटलं, "वाचा. लागण नाही. गेली इतकी वर्षं तुमच्या लॉबीत या हातांची फुलं आहेत. दुसऱ्या हातांची गेल्या महिन्यात बघितलीत. कशी वाटली?"

मॅनेजर जाडजूड, भिडस्त माणूस. कागदापेक्षा छताकडे जास्त बघत होता. म्हणाला, "खरं सांगू का, फेब्रुवारीतली रचना जरा... दुःखाच्या घरी पाठवतात तशी होती."

मी हसले नाही. घरी येऊन हसले. एक रचना करून दाखवायची संधी मिळाली आहे.

मंगळवार, १८ मार्च

जळो. रचना अशी झाली की येणारे-जाणारे थांबून बघत होते. पिवळी शेवंती उतरत्या धारेसारखी सोडली होती. हातांना जपायचं म्हणून पूर्ण वेळ रबरी हातमोजे घातले होते. आणि संध्याकाळी हात असे पेटले की नळाखाली धरून रडले.

नवरा दारात उभा राहून म्हणाला, "सोड ना हा नाद. ताईला काय धडा शिकवायचाय तो मी शिकवतो."

"तुम्ही? तुम्ही त्यांच्यासमोर बसायचं झालं तर आधी खुर्ची पुसता!"

आत गेला. मग येऊन माझ्या हातांवर ओल्या सुती पट्ट्या गुंडाळल्या, डॉक्टरांनी दाखवल्या होत्या तशा. एकही पट्टी सैल नाही. माझं मन मात्र सगळा वेळ वन्संच्या चेहऱ्यावर होतं.

शनिवार, २९ मार्च

सोमवारी डॉक्टर म्हणाल्या, अंदाज पुरे, आता तपासू. पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या, प्रत्येकीखाली वेगवेगळ्या वस्तूचा कणभर अंश. याला पॅच टेस्ट म्हणतात. पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही, आणि हो, खाजवायचं नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघितलं, मग आज पुन्हा बोलावून बघितलं.

दोन जागा लाल. एक शेवंतीची आणि तिच्या गोतावळ्याची. सूर्यफूल, डेझी, सगळे चुलत-मावस. दुसरी रबरी हातमोज्यांतल्या एका रसायनाची.

म्हणजे ज्याने जळत होतं ते हातात आणि ज्याने जपत होते तेही हातावर. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे हातमोजे फिरले.

"फुलं सोडायची?" मी विचारलं.

"ही फुलं सोडायची. गुलाब हातात घेऊन बघा. हातमोजे मी लिहून देते ते, दुसऱ्या जातीचे. आतून सुती." मग पुढचंही सांगितलं: स्टिरॉइड नसलेलं एक मलम, सुरुवातीला चुरचुरतं, पण राखणीला चांगलं. त्यानेही नाही भागलं तर हातांना यंत्रातल्या विशिष्ट उजेडाचा शेक. त्याच्याही पुढे गोळ्या, त्या रक्त तपासत तपासत घ्यायच्या. "हे मुळापासून जात नाही असं समजा. पण ताब्यात राहतं. त्याच्याशी भांडू नका, त्याच्यावर नजर ठेवा."

मी म्हटलं, मला एका वेळी एकाशीच भांडता येतं.

घरी येताना आठवलं: 'आता फुलांना हात लावू नकोस.' वन्संना तरी कुठे माहीत होतं! उगाच जुळलं.

मंगळवार, १५ एप्रिल

हॉटेल माझं! आजपासून दर आठवड्याला. शेवंतीशिवाय करते. गुलाब, निशिगंध, लांब गवताची पाती, वाळक्या फांद्या. मॅनेजर म्हणाला, आधीपेक्षा मोकळं वाटतं.

उजेडाचा शेकही सुरू केला आहे. दवाखान्यात एका पेटीत हात घालून उभं राहायचं. काही दुखत नाही. पेटीत हात असताना माणूस खाजवू शकत नाही, म्हणून विचार करतं. मी वन्संचाच करते.

परतताना मुद्दाम दुकानासमोरून आले. काचेतून बघितलं. वन्सं एकट्याच बादल्या घासत होत्या. माझ्या जागी आलेली मुलगी टिकली नाही म्हणे. त्यांनी मान वर केली. मी हात वर केला, स्वच्छ, सपाट, दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवला. मग पुढे चालू लागले.

इतकं बरं वाटलं की रिक्षा न करता घरापर्यंत चालत आले.

बुधवार, ३० एप्रिल

आज सासऱ्यांचा वर्षाचा स्मरणदिवस म्हणून वन्सं जेवायला आल्या. यावंच लागतं, नाही तर आल्या नसत्या. उकाडा मी म्हणत होता आणि वन्संनी मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातलेला. भात चमच्याने जेवल्या. जेवण झाल्यावर भांड्यांकडे फिरकल्या नाहीत. आणि जवळून गेल्या तेव्हा वास आला. डांबराचा.

बाहीच्या टोकाशी बोट दिसलं. लाल. पेरावर भेग.

मला सगळं कळलं. दिवसभर पाण्यात हात आणि वर ती काळी डबी. डबी संपेल तेव्हा काय होणार तेही मला ठाऊक आहे. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मूग गिळून बसले. त्यांना आग्रहाने आणखी वाढलं.

देव आहे.

शनिवार, १० मे

नवरा म्हणाला, "ताईचे हात बघितलेस?"

"नाही."

"तुझ्यासारखंच दिसतं."

"माझ्यासारखं? मग लागण असेल. माझी लागली असेल त्यांना, महिनोन्‌महिने न भेटता!"

 तो म्हणाला, "तुला औषध माहीत आहे."

"डॉक्टरांचं दार सगळ्यांना उघडं आहे."

माझं चुकलं नाही. मला कोणी सांगितलं होतं? मी शोधलं. त्यांनी शोधावं. आज हात पुन्हा खाजतात. शेवंती नाही, रबर नाही, सगळं पाळलं आहे. झोप नीट लागत नाही म्हणून असेल. डॉक्टर म्हणाल्या होत्या, मनाला स्वस्थता नसली की हेही चेकाळतं. मला कसली अस्वस्थता? जिंकलेय मी.

गुरुवार, २२ मे

टेम्पोवाला घरी आला. दुकान दोन दिवस बंद. वन्सं दुकानाच्या वरच राहतात, एकट्या, आणि दार उघडत नाहीत. नवरा कामाला बाहेरगावी.

मी गेले. बघायला गेले, मदतीला नव्हे. हे स्वतःशी साफ ठरवून जिना चढले. "वन्सं, दार उघडा, नाही तर इथे ओरडेन आणि सगळी गल्ली गोळा करीन," म्हटल्यावर कडी निघाली. कोपराने काढली होती.

हात सुजून भोपळा झाले होते. भेगांवर पिवळ्या खपल्या. अंगात ताप. ओट्यावर काळ्या डब्या, तीन रिकाम्या आणि एक अर्धी.

"आलीस तमाशा बघायला?"

"हो."

"बघ मग."

बघितलं. याच क्षणासाठी फेब्रुवारीपासून जगले होते. आणि आता तो आला तर मला नुसता डांबराचा वास येत होता.

"त्या मॅनेजरला का सांगितलंत लागण आहे म्हणून?"

त्यांनी ओट्यावरच्या डब्या कोपराने मागे सरकवल्या. मग म्हणाल्या, "त्याने विचारलं, दुकानात कोणाला रोग आहे का. मी घाबरले. हॉटेल गेलं तर दुकान जाईल. तोंडातून निघून गेलं. नंतर तुला सांगायला येणार होते, तर तू एप्रन खिळ्याला लावून निघून गेलेली. पाठमोरी बघितली तुला."

"हाक मारायची."

"नाही मारवली."

"आणि देठ पुसलेत ते?"

त्यांना आठवलंच नाही. खरंच आठवलं नाही! इतके महिने मी ज्यावर जगले ते त्या बाईच्या लक्षातही नाही. माझा असा संताप झाला की मी त्यांच्या पायांत चपला सरकवल्या, रिक्षा बोलावली आणि दंडाला धरून खाली उतरवलं.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने वन्संचे हात बघितले आणि पिशवी उचलून दूर सरकली. वन्संनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "अहो बाई, लागत नाही हे! बसा तिथेच. सरकायचंच असेल तर अक्कल घेऊन सरका." ती बसली. वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.

डॉक्टर म्हणाल्या, जंतुसंसर्ग झालाय, आधी तो. तापाला आणि जखमेला गोळ्या, मग मलमं. आणखी थांबला असतात तर ॲडमिट करावं लागलं असतं. मी शहाणपणाने सांगितलं, शेवंतीचंच असणार. तर म्हणे, वाटत नाही. दिवसभर पाण्यात आणि बादल्या धुवायच्या ब्लीचमध्ये हात, त्याने कातडी उघडी पडली. पुढे तपासू. "दोघींचे हात सारखे दिसले म्हणून दोघींचं कारण एक नसतं."

मग माझ्याकडे वळून, "यांना ती डबी लावताना कोणी बघितलं नाही का?"

मला वासावरून कळलं होतं. तसं सांगितलं. वन्सं तिथेच बसल्या होत्या. डॉक्टरांनी औषधांच्या वेळा लिहायला घेतल्या.  रिक्षात वन्सं म्हणाल्या, "फिटलं मग आपलं."

"मुळीच नाही," मी म्हटलं.

मंगळवार, ३ जून

वन्संचा ताप गेला, सूज उतरली. काळ्या डब्या मी कचऱ्यात टाकल्या, त्यांच्या डोळ्यांदेखत. ब्लीच कपाटात बंद केलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. त्यांच्याकडचे रबरी हातमोजेही कापून टाकले. डॉक्टर म्हणाल्या त्याची गरज नव्हती, पण मला बरं वाटलं.

वन्सं म्हणाल्या, "दुकानात परत ये." मी म्हटलं, "नाही. आणि हॉटेलही देणार नाही." म्हणाल्या, "हॉटेल कोणी मागितलं?"

सूड सोडलेला नाही हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. उलट आता चांगला हातात आला आहे. रोज सकाळ-संध्याकाळ फोन करते. मलम लावलं का? किती लावलं? साबणाला हात लावलात? नखं कापली? या बाईला आयुष्यात कोणी जाब विचारला नव्हता. आता मी विचारते. पहिल्या दिवशी चिडून फोन ठेवला. मी पुन्हा केला. तिसऱ्या वेळी उत्तर दिलं. यापेक्षा मोठा छळ कुठला!

नवरा पलीकडून ऐकत होता. हसत होता. त्याला कशाचं हसू येतं कोण जाणे.

रविवार, १५ जून

हॉटेलात लग्न होतं, दिवसभर उभी होते. हात शाबूत. फोन करायचा राहून गेला. तर आत्ता त्यांचाच आला.

"आज छळायचं विसरलीस वाटतं?"

"मलम लावलं का?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही लावलं. नाहीच लावणार. काय करशील?"

बघा! इतकं सगळं होऊन माज गेलेला नाही. हात परत चिघळवून घेतील आणि मग माझ्याच डोक्याला ताप. नवऱ्याला म्हटलं, ताट झाकून ठेवलं आहे, वाढून घ्या, माझी वाट बघू नका. चपला घालून बसले आहे आणि हे लिहिते आहे. रिक्षा आली. जाते आणि माझ्या हातांनी चोपडून येते, बोट न् बोट. सोडत नाही आज.